'टू मच'च्या पलीकडे: इंग्रजीत 'अति करणं' कसं सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मी पुण्यात एका कंपनीत आहे, परदेशातल्या ग्राहकांना रोज इंग्रजीत मेल लिहितो. कुणी काही प्रमाणाबाहेर केलं की माझ्याकडे एकच शब्द असतो, टू मच. काम टू मच, खर्च टू मच, कौतुक टू मच. अति करणे यासाठी इंग्रजीत नेमके कोणते शब्द आहेत आणि कुठला कुठे वापरायचा?'

मागितली आहे यादी, पण नुसती यादी देऊन तुमचं काम होणार नाही. समानार्थी शब्दांचा कुठलाही कोश उघडा, या अर्थाचे ढीगभर शब्द एका ओळीत मिळतील आणि सगळे सारखेच वाटतील. मराठी माणसांचं इंग्रजी तपासणं आणि भाषांतर करणं हेच माझं काम असल्यामुळे सांगतो, शब्द माहीत नाही म्हणून फारसं अडत नाही. तो शब्द दोष कुणाच्या माथी मारतो हे माहीत नसतं, तिथे गडबड होते. अति हा शेवटी निवाडा आहे. कुणीतरी रेघ ओढलेली असते आणि दुसरं कुणीतरी ती ओलांडतं. इंग्रजी क्रियापद निवडताना तो निवाडाही तुम्ही निवडत असता.

आधी 'टू'बद्दल बोलू, कारण मूळ दुखणं तिथे आहे. 'आंबा फार गोड आहे' ही तारीफ झाली. 'चहा फार गोड आहे' ही तक्रार. शब्द एकच, 'फार'. कुठला अर्थ घ्यायचा ते आपण आंबा आणि चहा यांवरून, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. 'खूप'चंही तेच. मराठीला रेघ ओलांडल्याचं स्पष्ट सांगायचं असलं की ती 'जास्त', 'जरा जास्तच', 'नको इतकं' असे शब्द घेते, नाहीतर शब्दाला 'च' लावून मोकळी होते. इंग्रजीला ही मुभा नाही. आंब्याला 'व्हेरी स्वीट' आणि चहाला 'टू स्वीट' असंच म्हणावं लागतं. 'टू' आला की रेघ ओलांडली गेली, आणि पुढे 'कशासाठी जास्त' हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

म्हणून 'युअर प्रपोजल इज टू गुड' हे वाक्य आपल्याकडे तोंडभर कौतुक असलं, तरी लंडनमधला माणूस ते वाचून पुढच्या शब्दांची वाट बघतो. टू गुड टु बी ट्रू? टू गुड फॉर अस? यात काही खोट तर नाही ना, अशी शंका त्याला येऊ शकते. भारतात आपापसात 'टू गुड यार' खुशाल म्हणा, इथे ते रुळलेलं आहे. बाहेर पाठवायच्या मेलमध्ये 'एक्सलंट' किंवा 'रिअली इम्प्रेसिव्ह' लिहा.

व्याकरणाचा एक भाग याच दमात उरकतो. 'टू मच'च्या पुढे न मोजता येणारं नाम येतं: टू मच शुगर, टू मच टाइम. मोजता येणाऱ्याला 'टू मेनी'. विशेषणाच्या आधी 'टू मच' लावायचं नाही. 'टू मच एक्स्पेन्सिव्ह' चूक, 'मच टू एक्स्पेन्सिव्ह' किंवा 'फार टू एक्स्पेन्सिव्ह' (हा 'फार' इंग्रजीतला) बरोबर. मित्राशी बोलताना 'वे टू एक्स्पेन्सिव्ह'. काही ठिकाणी 'टू' असूनही अति नसतं. 'आय'ड बी ओन्ली टू हॅपी टु हेल्प' म्हणजे अगदी आनंदाने मदत करीन. हे ठरलेले प्रयोग आहेत, त्यांचं तर्कशास्त्र शोधत बसू नका.

आता मुख्य गोष्ट. मराठीत अतिपणा बहुधा क्रियापदाच्या शेजारी बसतो: खूप जास्त खाल्लं, नको इतका खर्च केला, उगाच फार बोलला. इंग्रजीत तो क्रियापदाच्या पोटात असतो. तिथे 'खाणे'साठी साधा शब्द आणि शेजारी 'टू मच' असं लिहिता येतं, पण तशी वाक्यं एकामागून एक आली की लेखन शाळकरी दिसतं. ज्याला क्रियापद सापडलं त्याला 'टू मच'ची गरज क्वचित पडते.

तुमच्याच कचेरीतला एक प्रसंग घेऊ. टीमचा प्रमुख रोज रात्री दहापर्यंत कामात असतो, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडा. तुम्ही बहुतेक लिहाल 'ही इज डूइंग टू मच हार्ड वर्क', ते व्याकरणात बसतं, पण अवघडलेलं वाटतं. 'ही वर्क्स टू हार्ड' हे सहज आहे, पण मोघम आहे. इथून पुढे चार वाटा फुटतात.

'ही इज ओव्हरवर्क्ड' असं लिहिलंत की आरोपी कंपनी झाली. कर्मणी रूप आहे, म्हणजे काम त्याच्यावर लादलेलं आहे. मनुष्यबळ विभागाला पाठवायच्या मेलमध्ये हा शब्द टाकण्याआधी आपल्याला हेच म्हणायचं आहे का, हे ठरवा. 'ही इज अ वर्कहॉलिक' म्हटलं की कंपनी सुटली, दोष त्याच्या स्वभावाचा. 'ही इज ओव्हरडूइंग इट' यात दोषापेक्षा काळजी जास्त. सध्या जरा अति करतोय, आजारी पडेल, असा सूर. दुखण्यातून उठलेल्या माणसाला इंग्रजीत 'डोन्ट ओव्हरडू इट' म्हणतात, आपल्या 'जपून रे, लगेच धावपळ नको'सारखं. आणि 'ही इज कॉन्शिएन्शस टु अ फॉल्ट' लिहिलंत तर पगारवाढीची शिफारस झाली. 'टु अ फॉल्ट' म्हणजे दोष वाटावा इतका गुण. जेनरस टु अ फॉल्ट, ऑनेस्ट टु अ फॉल्ट. हा प्रयोग चांगल्या गुणालाच लागतो. 'लेझी टु अ फॉल्ट' कुणी म्हणत नाही, कारण आळस आधीच दोष आहे.

माणूस तोच, रात्रीचे दहाही तेच. वाक्यागणिक गुन्हेगार बदलला.

वर्कहॉलिकवरून थोडं विषयांतर करतो. हा शब्द लोकप्रिय केला वेन ओट्स या अमेरिकी धर्मोपदेशकाने. 1971 मध्ये त्याचं पुस्तकच हा शब्द शीर्षकात घेऊन आलं. शब्द बनवला 'अल्कोहोलिक'चे तुकडे करून, आणि तुकडे चुकीच्या जागी पाडून. अल्कोहोल मूळ अरबी 'अल-कुह्ल', म्हणजे डोळ्यांत घालायची सुरम्याची पूड. त्यातला 'अल' हा अरबी उपपद. त्यामुळे 'होलिक' या तुकड्याला स्वतःचा काही अर्थच नाही. तरी तो चिकटला. शॉपहॉलिक, चॉकोहॉलिक असे शब्द त्यातून निघाले. हे सगळे हलकेफुलके शब्द आहेत. खऱ्या व्यसनाबद्दल गंभीरपणे लिहिताना ते वापरले तर समोरच्याच्या दुखण्याची थट्टा केल्यासारखं होतं. तिथे 'ॲडिक्टेड' किंवा 'डिपेंडंट'.

मराठी माणसाच्या सगळ्यात जवळचा उपसर्ग 'ओव्हर'. इतका जवळचा की आपण त्याचा स्वतंत्र शब्दच करून टाकला. 'किती ओव्हर करतेस!', 'जरा ओव्हर झालं' हे आता पक्कं मराठी आहे. ते तसंच इंग्रजीत नेऊ नका. 'डोन्ट डू ओव्हर' हे इंग्रजी नाही, आणि अमेरिकेत 'डू इट ओव्हर' म्हणजे ते पुन्हा कर. तुम्ही सांगायला जाल अति करू नकोस, आणि तो बापडा सगळं काम पहिल्यापासून करायला बसेल. नाटकीपणाबद्दल म्हणायचं असेल तर 'ओव्हरॲक्टिंग' रंगमंचापुरतं ठेवा. घरातल्या नाटकाला 'डोन्ट बी सो ड्रमॅटिक' किंवा 'यू आर ओव्हररिॲक्टिंग'. दुसऱ्यात राग किंवा भीती खरी आहे, फक्त कारणाच्या मानाने मोठी आहे. पहिल्यात ती खरी असल्याचीच शंका आहे.

'ओव्हर' लावून शब्द बनवण्याची पद्धत सोपी वाटते आणि बरीचशी सोपी आहेही. ओव्हरईट, ओव्हरचार्ज, ओव्हरलोड, ओव्हरएस्टिमेट, ओव्हरथिंक. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द 'फाजील': फाजील आत्मविश्वास, फाजील लाड. अरबी-फारसीतून आलेला, मुळात 'उरलेला, वरचा' या अर्थाचा. ओव्हरकॉन्फिडन्सला याच्याइतका नेमका मराठी शब्द दुसरा नाही, आणि वर्तमानपत्रांनी तो सोडून इंग्रजी शब्द का धरला हे मला कळत नाही. असो.

फसायच्या जागा आहेत त्या अशा. 'ओव्हरस्लीप' म्हणजे खूप झोपणं नव्हे, उठायची वेळ टळून झोपणं. रविवारी दुपारपर्यंत लोळलात तर ते ओव्हरस्लीप नाही. सोमवारी सातची गाडी चुकली तर आहे. 'ओव्हरस्टे'मध्येही ठरलेली मुदत लागते. व्हिसाची मुदत संपूनही राहणं हा परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना सगळ्यात महाग पडणारा 'ओव्हर'. 'ओव्हरलुक' म्हणजे जास्त बघणं नव्हे, उलट नजरेतून सुटणं किंवा कानाडोळा करणं. 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख. या दोन्हींची छाया एकट्या 'ओव्हरसाइट'मध्ये पडली आहे. त्याचा अर्थ देखरेख असाही होतो आणि नजरचूक असाही. अहवालात हा शब्द आला की वाक्य दोनदा वाचा. 'ओव्हरजॉइड'मध्ये अति असूनही तक्रार नाही, आनंद पोटात मावत नाही एवढंच. 'ओव्हररॉट' हे 'वर्क'च्या जुन्या भूतकाळी रूपावरून आलेलं, पण आज त्याचा अर्थ कामाने थकलेला असा उरलेला नाही. ताणाने भावनिक तोल गेलेला माणूस, किंवा नको तितकी नक्षी केलेलं लेखन, असे दोन अर्थ आहेत.

आणि वाटेल त्या क्रियापदाला 'ओव्हर' लागत नाही. 'ओव्हरलाफ', 'ओव्हरक्राय' असं काही नाही. खूप बोलणाऱ्याला 'ओव्हरटॉक' म्हणू नका, 'ही गोज ऑन अँड ऑन' म्हणा. तांत्रिक कामात 'ओव्हर-इंजिनिअर्ड' चालतो, आणि चांगला शब्द आहे: दहा माणसांच्या रजेची नोंद ठेवायला बँकेच्या तोडीची यंत्रणा उभारली, तर ती ओव्हर-इंजिनिअर्ड. ग्राहकाने न मागितलेल्या सोयी हौसेने जोडत गेलात तर ते 'गोल्ड-प्लेटिंग'.

खाण्यापिण्याकडे वळू. इथे इंग्रजी खरी श्रीमंत आहे, आणि आपणही काही कमी नाही: हादडणे, चापणे, रेमटवणे, गिळणे, ढोसणे, ताव मारणे. या मराठी शब्दांत जसा आदर-अनादराचा फरक आहे तसाच तिकडेही आहे. 'ओव्हरईट' कोरडा, डॉक्टरी शब्द. 'ओव्हरइंडल्ज' सभ्य. दिवाळीनंतर कचेरीत 'आय ओव्हरइंडल्ज्ड अ बिट' म्हटलं की फराळावर ताव मारल्याची कबुली सगळ्यांना हसू येईल अशा बेताने दिली जाते. 'पिग आउट' दोस्तांत. 'गॉर्ज' म्हणजे घशापर्यंत ठासणं. फ्रेंचमध्ये गॉर्ज म्हणजे घसाच. 'वुल्फ डाउन' यात प्रमाणापेक्षा वेग आहे, बकाबका खाणं. आमरसाच्या सहा वाट्या सावकाश, चवीने संपवणारा वुल्फ डाउन करत नाही. तो ओव्हरइंडल्ज करतो.

'बिंज' सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून त्यावर थोडं थांबतो. इंग्लंडच्या नॉर्थम्प्टनशर भागातल्या बोलीत लाकडी भांडं पाण्यात भिजत ठेवणं याला हा शब्द होता. लाकूड फुगून फटी बुजाव्यात म्हणून भिजवायचं. त्यावरून गुत्त्यात बसून स्वतःला 'भिजवून' घेणं आलं. 2015 मध्ये कॉलिन्स शब्दकोशाने 'बिंज-वॉच' हा वर्षाचा शब्द ठरवला, तोवर वेबमालिकांचे अख्खे हंगाम एकदम प्रसिद्ध करण्याची पद्धत पडून गेली होती. बिंजमध्ये महत्त्वाची गोष्ट ही, की ते एका बैठकीचं, एका झटक्याचं अति आहे. रोज रात्री एक भाग बघणारा वर्षभरात कितीही तास बघो, तो बिंज करत नाही. शनिवारी दुपारी बसून रविवारी पहाटे उठणारा करतो. दारूबाबत तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने याची मोजदाद ठरवली आहे: सुमारे 2 तासांत पुरुषाने 5 किंवा अधिक आणि स्त्रीने 4 किंवा अधिक पेले घेतले तर ते बिंज ड्रिंकिंग. म्हणजे रोज थोडी घेणारा व्यसनी असू शकतो पण बिंज ड्रिंकर नसेल, आणि महिन्यातून एकदाच बसणारा बिंज ड्रिंकर असू शकतो.

'बिंज ईटिंग' लिहिताना मात्र हात आखडता घ्या. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसूचीत 2013 पासून तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे. लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणून सहकाऱ्याबद्दल हा शब्द मेलमध्ये जाऊ नये.

याच कुळातला एक जुना, भारदस्त शब्द 'सर्फिट'. जुन्या फ्रेंचमधून आलेला, 'सुर' म्हणजे वर आणि 'फेर' म्हणजे करणे. थोडक्यात 'ओव्हरडू'चाच फ्रेंच चुलतभाऊ. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री 1135 मध्ये नॉर्मंडीत वारला. वैद्याने मना केलेले लॅम्प्रे, म्हणजे वामेसारखे लांबट जलचर, खाऊन तो आजारी पडला असं तेव्हाच्या बखरकाराने लिहून ठेवलं आहे. 'अ सर्फिट ऑफ लॅम्प्रेज' हे शब्द इंग्रज मुलं शाळेच्या इतिहासात ऐकतात आणि गमतीने पुढे वापरत राहतात. सर्फिटमध्ये अति आणि त्याची शिसारी दोन्ही येतात. 'ग्लट'मध्ये शिसारी नाही, बाजार आहे. लासलगावला आवक वाढून कांद्याचे भाव कोसळले की 'अ ग्लट ऑफ अनियन्स'. इथे कुणी एकट्याने अति केलेलं नाही, म्हणून दोषही कुणाचा नाही.

पैशाचं अति. लग्नाचं उदाहरण घेणं सोयीचं, कारण त्यात आपल्याकडे सगळ्या पायऱ्या दिसतात. 'लॅव्हिश वेडिंग' म्हणजे सढळ हाताने केलेलं लग्न. यात निंदा नाही, यजमानाला तोंडावर सांगता येतं. 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' म्हटलं की भुवई थोडी वर गेली. हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकणारा. 'ऑस्टेंटेशस' म्हणजे खर्चापेक्षा दाखवणं जास्त, आपला बडेजाव. 'ओव्हर द टॉप' म्हणजे नवरदेव क्रेनवरून उतरला. आपल्याकडे म्हण आहे, अति झालं आणि हसू आलं. 'ओव्हर द टॉप'मध्ये नेमकं ते हसू आहे, जे 'एक्सेसिव्ह'मध्ये नाही. या शब्दांचा उगम मात्र हसण्यासारखा नाही. पहिल्या महायुद्धात खंदकाच्या काठावरून चढून शत्रूच्या माऱ्यात शिरणं याला 'गोइंग ओव्हर द टॉप' म्हणत.

खर्च करणाऱ्याकडून बघायचं तर 'स्प्लर्ज' आणि 'स्क्वाँडर' यांची गल्लत करू नका. पहिला बोनस आला आणि आईसाठी पैठणी घेतली: 'आय स्प्लर्ज्ड ऑन अ पैठणी'. ऐपतीपेक्षा थोडं वर, पण मजेत, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन असं. वडिलोपार्जित जमीन विकून पैसे उडवले तर 'स्क्वाँडर', उधळपट्टी, ज्यात हळहळ आहे. स्वतःबद्दल स्प्लर्ज म्हणतात, दुसऱ्याबद्दल स्क्वाँडर. घेणारा अति मागत असेल, म्हणजे भाडं, फी, व्याज, तर 'एक्झॉर्बिटंट'. लॅटिनमध्ये 'ऑर्बिटा' म्हणजे चाकाची चाकोरी. चाकोरी सोडून गेलेला दर, तो एक्झॉर्बिटंट. विमानतळावरून घरी जायला टॅक्सीवाल्याने सांगितलेला.

माया आणि कौतुक यांचंही अति होतं, आणि इथे मराठी घरात शब्दांची गरज रोज पडते. आजी नातवावर 'डोट्स'. यात वेडी माया आहे, तक्रार नाही. म्हातारपणाच्या भ्रमाला जो 'डोटेज' शब्द आहे तो याच मुळाचा, त्यामुळे ही माया थोडी भाबडी हे गृहीतच. 'पॅम्पर' मुळात ठासून खाऊ घालणे. आता लाड करणे, आणि जाहिरातवाल्यांनी तो इतका गोड करून टाकला आहे की स्वतःला पॅम्पर करणं हे आता पुण्यकर्म झालंय. 'स्पॉइल'मध्ये परिणाम आला, पोरगं शेफारलं. सूनबाई आजीबद्दल इंग्रजीत बोलताना 'शी डोट्स ऑन हिम' म्हणते की 'शी स्पॉइल्स हिम', यावरून घरातलं हवामान कळतं. 'मॉलीकॉडल' म्हणजे वाऱ्याला उभं करायचं नाही, पावसाला जायचं नाही. 'स्मदर' म्हणजे मायेने गुदमरवणं. हा नेहमी गुदमरणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

कौतुकात 'गश' हा भरभरून, उमाळ्याने बोलणाऱ्याचा. 'लॅव्हिश प्रेझ' चांगलं. 'फॉन' म्हणजे लाळघोटेपणा. 'बटर अप' आपल्या मस्का लावण्याचं तंतोतंत भावंड, लोणी इकडेही आणि तिकडेही. 'ले इट ऑन विथ अ ट्रॉवेल' म्हणजे स्तुतीचा लेप गवंड्याच्या थापीने देणं. शेक्सपिअरच्या नाटकात हा प्रयोग आहे, आणि आजही जिवंत आहे. माफीला लागतो 'प्रोफ्यूसली': 'ही अपॉलॉजाइज्ड प्रोफ्यूसली'. घामालाही तोच, 'स्वेटिंग प्रोफ्यूसली'. 'फुलसम' मात्र टाळा. जुन्या, काटेकोर वाचकाला 'फुलसम प्रेझ' म्हणजे ओशट, खोटी वाटणारी स्तुती. नव्या वाचकाला तीच भरघोस स्तुती. ग्राहक यातला कुठला आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

बोलण्याच्या अतिवर झटपट. गुऱ्हाळ लावणं, चऱ्हाट लावणं म्हणजे 'ड्रोन ऑन'. पाल्हाळ म्हणजे 'रॅम्बल'. एकच रडगाणं म्हणजे 'हार्प ऑन'. पटलेला मुद्दा पुन्हा पुन्हा ठासणं म्हणजे 'बिलेबर द पॉइंट'. बैठकीत स्वतःबद्दल 'आय डोन्ट वॉन्ट टु बिलेबर द पॉइंट, बट' असं म्हणून लोक पुढची दहा मिनिटं तेच करतात. अतिशहाण्याला ब्रिटिश इंग्रजीत 'टू क्लेव्हर बाय हाफ', त्याचा बैल रिकामा की भरलेला ते सांगायची सोय तिथे नाही. दुःखात लोळत राहणं 'वॉलो'. हे क्रियापद मुळात चिखलात लोळणाऱ्या जनावराचं आहे. शोकात असलेल्या माणसाबद्दल ते वापरणं क्रूरपणा ठरेल, 'वॉलोइंग इन सेल्फ-पिटी' हे स्वतःची कीव करत बसणाऱ्यालाच.

मेलमध्ये सर्वांत कामाचे तीन प्रयोग आता सांगतो. 'गो ओव्हरबोर्ड': जहाजाच्या कठड्यावरून पाण्यात. उत्साहाच्या भरात हद्द सोडणं. 'लेट्स नॉट गो ओव्हरबोर्ड विथ द ॲनिमेशन्स' असं म्हटलं की नाही म्हणूनही कुणी दुखावत नाही. 'ओव्हरकिल': शीतयुद्धातला शब्द, शत्रूला एकदा संपवायला लागतील त्याच्या कितीतरी पट अण्वस्त्रं जवळ असणं. आता साधनं कामाच्या मानाने फार मोठी झाली की वापरतात. तीन ओळींच्या सूचनेसाठी तासाची बैठक बोलावली तर 'अ मीटिंग माइट बी ओव्हरकिल'. हा गोष्टीला लागतो, माणसाला नाही, म्हणून सुरक्षित. आणि 'गेट कॅरीड अवे'. याला मराठी शब्द शोधायची गरजच नाही, 'वाहवत जाणे' हे अक्षरशः तेच आहे. दोन्हीकडे माणूस स्वतः जात नाही, कशाने तरी नेला जातो. त्यामुळे दोष आपोआप सौम्य होतो आणि माफी मागायला हा प्रयोग उत्तम: 'सॉरी, आय गॉट कॅरीड अवे'. उलट 'ऊत येणे' शब्दशः नेऊ नका. 'बॉइल ओव्हर' तिकडे राग आणि तंटे यांच्यासाठी राखीव आहे.

करारनामा, धोरण, अधिकृत तक्रार यांत वरचं काहीच चालणार नाही. तिथे 'एक्सेसिव्ह' आणि 'अनड्यू'. पहिला मोजमापाचा: 1689 च्या इंग्लंडमधल्या हक्कांच्या सनदेत आणि तिच्यावरून 1791 मध्ये अमेरिकेच्या घटनेच्या आठव्या दुरुस्तीत जामिनाची रक्कम आणि दंड 'एक्सेसिव्ह' नसावा असं म्हटलं आहे. दुसरा औचित्याचा: आपल्या 1872 च्या करार कायद्यातलं कलम 16 'अनड्यू इन्फ्लुएन्स'चं आहे, म्हणजे नात्यातल्या किंवा अधिकाराच्या वरचढपणाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती. तिथे प्रभाव किती मोठा होता यापेक्षा तो रास्त होता की नाही हे बघतात. म्हणून 'अनड्यू डिले' म्हणजे नुसता मोठा विलंब नव्हे, समर्थन न करता येणारा विलंब. 'इनऑर्डिनेट डिले' यांच्या मधला. पुरवठादाराला पाठवायच्या नोटिशीत यातला कुठला घालायचा हे वकिलाला ठरवू द्या.

शेवटचा मुद्दा सुराचा. मराठीत आपण तक्रार करताना आवाज चढवतो: फारच महाग, अगदीच जास्त. व्यवहारातलं ब्रिटिश इंग्रजी अतिबद्दल बोलताना आवाज उतरवतं. कोटेशन दुप्पट वाटलं तरी 'द रेट इज टू मच' असं न लिहिता 'द एस्टिमेट सीम्स अ लिटल ऑन द हाय साइड' असं लिहितात, आणि त्या 'अ लिटल'चा अर्थ लंडनमधल्या पुरवठादाराला बरोबर कळतो. अमेरिकी ग्राहकाला इतकं आडून बोललेलं कधीकधी पोचत नाही. त्याला 'दिस इज हायर दॅन वुई बजेटेड फॉर' लिहून शेजारी आकडा द्या.